खोकी वाढत गेली आणि जोडणी थांबली

प्रश्न : माझे वय ५८ आहे. शाळेत असल्यापासून मला प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडण्याचा छंद आहे. मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील विमाने, थोडी जहाजे आणि काही रणगाडे. आज माझ्याकडे न जोडलेली सुमारे ३१० किट्स आहेत. वर्षाला मी फार तर चार मॉडेल्स पूर्ण करतो, म्हणजे यापुढे एकही नवे किट घेतले नाही तरी ही सगळी संपवायला ७७ वर्षे लागतील. त्यांतली उत्तम किट्स, उदाहरणार्थ तामिया या जपानी कंपनीचे १/३२ प्रमाणातील स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान, हात आणखी बसल्यावर करू म्हणून मी राखून ठेवली आहेत. घरात कुणाची तक्रार नाही. मात्र काही महिन्यांपूर्वी कपाट आवरताना माझ्या मुलीने अगदी सहज विचारले, ‘बाबा, या सगळ्याचं पुढे काय करायचं?’ मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी एकही खोके उघडलेले नाही. टेबलाशी बसलो की हे आधी घ्यावे की ते, यातच वेळ जातो आणि मी उठून जातो. कधी वाटते सगळी विकून टाकावीत, आणि दुसऱ्याच दिवशी मी नव्या किट्सच्या याद्या चाळत बसतो. मी काय करावे?

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. परंतु पत्रातील ज्या वाक्याने मला काळजी वाटली ते या हिशेबाचे नव्हे. ‘तेव्हापासून मी एकही खोके उघडलेले नाही’ हे ते वाक्य आहे. जागेला आणि खिशाला झेपत असेल, तर तीनशे किट्स कपाटात पडून असण्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. पण शाळकरी वयापासून ज्या हाताला कामाची सवय आहे तो हात थांबला, तर त्याकडे आधी लक्ष द्यायला हवे. त्यामुळे संग्रहाचे काय करायचे हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि आपणही तसेच करावे असे सुचवतो. आधी काहीतरी जोडायला घ्यावे, आणि ते चालू असतानाच बाकीच्या खोक्यांकडे पाहावे. टेबल रिकामे ठेवून आधी संग्रह निस्तरू असे ज्यांनी ठरवले, त्यांचे संग्रह निस्तरायचे तर राहिलेच, जोडणीही लांबत गेली, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलीच्या प्रश्नानंतर आपण या किट्सकडे फेडायच्या देण्यासारखे पाहू लागला आहात असे मला वाटते. देणे म्हटले की ते सगळेच फेडावे लागते, आणि फेडणे शक्य नसेल तर माणूस त्याच्याकडे पाहायचेच टाळतो. प्रत्यक्षात ही सगळी किट्स पूर्ण करण्याचे वचन आपण कुणालाही दिलेले नाही. प्रत्येक किट घेताना त्या दिवशी ते जोडण्याची इच्छा होती, एवढेच खरे. आणि इच्छा आयुष्यापेक्षा अधिक असणे ही या छंदातील जवळजवळ प्रत्येक अनुभवी माणसाची स्थिती आहे. खोके उघडून भागांचे सांगाडे हातात धरून पाहणे, सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचणे, दोन-तीन रंगयोजनांपैकी कोणती घ्यावी याचा मनाशी विचार करणे, त्या विमानाचे किंवा त्या तुकडीचे जुने फोटो शोधणे, हा सगळा आनंद खराच आहे आणि तो आपण घेतलेला आहे. ज्या किटने तेवढे दिले त्याने आपली किंमत बरीचशी वसूल करून दिली असे मी मानतो.

तरीही इतकी किट्स साठली कशी, याचा विचार करणे उपयोगाचे आहे, कारण त्यातूनच कोणती ठेवायची हे कळते. बहुतेकांच्या साठ्यामागे एक जुनी भीती असते : आत्ता घेतले नाही तर पुन्हा मिळणार नाही. ती निराधार नाही. पोलादी साचा घडवायला मोठा खर्च येतो, पण तो घडल्यावर त्यातून किट्सची एक खेप काढून साचा बाजूला ठेवला जातो, आणि पुढची खेप केव्हा निघेल हे ग्राहकाला सहसा कळत नाही. शिवाय कंपन्या बुडतात. फ्रॉग हे एके काळचे मोठे ब्रिटिश नाव १९७० च्या दशकात बंद पडले. एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश किट-उत्पादकाची मूळ कंपनी १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि २००६ मध्ये तेव्हाची मालक कंपनी हम्ब्रॉल हिच्यावरही तीच वेळ आली. अशा बातम्या ऐकत वाढलेल्या पिढीने दिसेल ते किट उचलून ठेवले, तर त्यात नवल नाही.

पण पुढे काय झाले तेही लक्षात घ्यावे. एअरफिक्स त्याच वर्षी हॉर्न्बीने घेतले आणि ते आजही नवी किट्स काढते. फ्रॉगचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तेथून नोव्हो या नावाने तीच किट्स बाहेर पडली. जर्मनी आणि जपान या शत्रुराष्ट्रांच्या विमानांचे साचे सोव्हिएत संघाला नको होते, त्यांतले कित्येक रेव्हेल या दुसऱ्या किट-उत्पादकाकडे गेले. मॅचबॉक्सने १९७३ पासून काढलेली, एकाच खोक्यात दोन-तीन रंगांचे प्लास्टिक असलेली किट्सही पुढे रेव्हेलच्या नावाने मिळू लागली. म्हणजे कंपनी गेली तरी साचा सहसा राहतो आणि कुणीतरी तो पुन्हा यंत्रावर चढवतो. इतकेच नव्हे, तर त्याच विषयाचे अधिक चांगले किट पुढे निघते. एअरफिक्सने १/७२ प्रमाणातील स्पिटफायर प्रथम १९५३ मध्ये काढले आणि त्यानंतर त्या विमानासाठी पुन्हा पुन्हा नवे साचे घडवले. जुन्या किट्सवर पॅनेलच्या रेषा, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा, उठावाच्या असत, त्या घासताना पुसल्या जात. आजच्या किट्सवर त्या बारीक कोरलेल्या असतात. त्यामुळे दुर्मिळ होईल या एकाच कारणासाठी घेतलेली जी प्रचलित विषयांची किट्स आपल्याकडे असतील, त्यांना राखून ठेवण्याचे कारण आता बहुधा उरलेले नाही. लहान उत्पादकांची रेझिनची, म्हणजे ओतून घट्ट केलेल्या राळेची किट्स मात्र वेगळी. त्यांचे रबरी साचे थोड्याच ओतकामांनंतर झिजतात आणि ती किट्स खरोखरच परत येत नाहीत. ती जपून ठेवावीत.

जपून ठेवावीत असे लिहिताना एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण खोके कपाटात ठेवले की ते जसेच्या तसे राहते या समजुतीवर अनेकांचे नियोजन उभे असते. पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचे मूळ प्लास्टिक, ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवले तर कित्येक दशके टिकते. बाकीच्या वस्तू टिकत नाहीत. डीकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवून लावायच्या चिन्हांचा कागद पिवळा पडतो, त्यावरचा पारदर्शक थर वाळून ठिसूळ होतो, आणि मग तो पाण्यात सोडला की पूर्ण चिन्ह कागदावरून सरकण्याऐवजी तिथेच तुकडे तुकडे होऊन तरंगू लागते. रबरासारख्या मऊ व्हिनाइलची चाके आणि रणगाड्यांचे पट्टे ही त्याहून वाईट गोष्ट आहे. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनमध्ये शिरून ते विरघळवते. एका परिचितांचे मोटारीचे किट मी उघडलेले पाहिले आहे; एक टायर वर्षानुवर्षे पुढच्या काचेला टेकून राहिला होता, आणि त्या पारदर्शक भागात टायरच्या खाचांचा ठसा असा उतरला होता की कितीही घासले तरी तो गेला नाही. खोक्याला बाहेरून मात्र ओरखडाही नव्हता.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी एवढे काम अवश्य करावे : रणगाड्यांची आणि चाके मऊ असलेली सगळी किट्स उघडून व्हिनाइलचे भाग वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावेत, डीकलचे कागदही स्वतंत्र पिशवीत सपाट ठेवावेत, आणि जड खोकी खाली व हलकी वर अशी रचना करावी. जुन्या डीकलला उपाय नाही असे नाही. कागद पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवला की पिवळेपणा बराच उतरतो. एखादे बिनमहत्त्वाचे चिन्ह आधी पाण्यात टाकून पाहावे, आणि ते फुटले तर उरलेल्या पूर्ण कागदावर ग्लॉस वॉर्निशचा पातळ थर द्यावा. मग मात्र प्रत्येक चिन्ह कडेला लागून कापावे लागते, कारण थर सलग झालेला असतो. हे सगळे करता येते, पण त्याने फक्त थोडा काळ मिळतो.

आता आपल्या स्पिटफायरकडे येतो. मला या पत्राच्या उत्तरात खरे सांगायचे आहे ते याच किटबद्दल. २००९ मध्ये निघालेले ते किट मोठ्या प्रमाणातील विमानांमध्ये आजही अत्यंत उत्तम मानले जाते. त्याची जुळणी नेमकी आहे, इंजिनावरची झाकणे लहान चुंबकांवर बसतात आणि पुन्हा काढता येतात. आपण ते हात बसल्यावर करायचे म्हणून ठेवले आहे. हात कशाने बसणार? इतक्या वर्षांत दरसाल तीन-चार मॉडेल्स पूर्ण करणाऱ्या माणसाचा हात जितका बसायचा तितका केव्हाच बसलेला असतो, आणि त्यापुढची जी सफाई आहे ती अशीच अवघड, सुंदर किट्स करताना येते. शिवाय चांगल्या किटला बसलेल्या हाताची गरज तुलनेने कमी लागते. भाग नीट जुळतात, पुट्टी फारशी लागत नाही, सांधे घासत बसावे लागत नाही. हाताची खरी परीक्षा जुन्या, वाकड्या आणि कडांना फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर आलेली जादा प्लास्टिकची पातळ पापुद्री, आलेल्या किट्समध्ये होते, आणि आपण राखण्याच्या नादात नेमकी तीच आधी करत आला असाल तर स्वतःवर अन्याय केला आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

डोळ्यांचाही विचार करावा. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची शक्ती उतरत जाते आणि साठीच्या सुमारास बारीक कामासाठी भिंगाचा हेडबँड आणि चांगला दिवा यांच्याशिवाय चालत नाही. आपल्याकडे जहाजे आहेत असे आपण लिहिले आहे. यामातो ही २६३ मीटर लांबीची युद्धनौका १/७०० प्रमाणात साधारण ३८ सेंटीमीटरची होते. तिच्या डेकवरचा मीटरभर उंचीचा कठडा त्या प्रमाणात दीड मिलिमीटरही भरत नाही, आणि तो फोटो-एच, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पट्टीतून कापून, चिमट्यात धरून, सुपरग्लूच्या थेंबाने कडेला उभा करायचा असतो. असे काम आपल्या मनात असेल तर ते येत्या दोन-तीन वर्षांत करावे. निवृत्तीनंतरच्या निवांत दिवसांसाठी ते ठेवू नये, कारण तेव्हा वेळ भरपूर असेल पण डोळा आजच्यासारखा असेलच असे नाही. उलट मोठ्या प्रमाणातली किट्स पुढच्या काळासाठी ठेवण्यासारखी आहेत. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि १/३२ मध्ये तो ३५ सेंटीमीटर होतो. कॉकपिटमधील उपकरणफलक रंगवताना हा फरक फार जाणवतो. या एका कारणाने आपले स्पिटफायर अजून दहा वर्षे थांबू शकले असते, हे मी मान्य करतो. तरीही ते आत्ताच काढावे, कारण सध्या आपल्याला टेबलाशी बसवू शकेल असे किट हवे आहे, आणि पत्रात नाव घेण्याइतके मनात असलेले किट ते एकच आहे.

निवड करताना जो गोंधळ होतो त्यावर एक साधी पद्धत सुचवतो. तीनशे खोक्यांसमोर उभे राहून पुढचे कोणते हे ठरवू नये. इतक्या पर्यायांत कुणाचेही मन ठरत नाही. कपाटातून फक्त पाच किट्स बाहेर काढावीत, ती टेबलाजवळ वेगळ्या फळीवर ठेवावीत आणि कपाट बंद करावे. या वर्षाचा आपला संग्रह पाच किट्सचा. या पाचांत दोन मोठी असतील तर बाकीची तीन अशी असावीत की ती खोक्यातून काढून जसे आहे तसे, जादा रेझिनचे किंवा पितळेचे भाग न लावता महिन्याभरात पूर्ण होतील. जादा भागांमुळे जितकी मॉडेल्स अर्धवट राहतात तितकी दुसऱ्या कशामुळे राहत असतील असे मला वाटत नाही. पाच संपली की कपाट पुन्हा उघडावे.

या कामाला लागल्यावर मग उरलेल्यांची छाननी करावी, घाई न करता, दर आठवड्याला दहा-बारा खोकी. किट हातात घेऊन त्याची बाजारातली किंमत आठवू नये, आपण काय दिले होते तेही आठवू नये. झाकण उघडावे, सूचनापत्रक काढावे आणि पाहावे की आपण ते दुसऱ्या-तिसऱ्या पानापलीकडे वाचत जातो का. काही खोक्यांबाबत आपण नकळत कॉकपिटचा रंग कोणता, असा विचार करू लागाल, ती ठेवावीत. काहींचे झाकण आपण लगेच बंद कराल. त्यांत सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली असतील, कुणाची तरी संपूर्ण मालिका पुरी करायची म्हणून घेतलेली असतील, एकाच विमानाच्या पाच-पाच आवृत्त्या असतील, आणि काही अशीही असतील जी आपल्याला एके काळी फार हवी होती पण आता तो विषय मनातून गेला आहे. या शेवटच्या प्रकारातली सोडताना वाईट वाटेल. वाटू द्यावे, आणि तरीही सोडावीत.

सोडायची म्हणजे सगळी एकदम एखाद्या खरेदीदाराला नेऊन देऊ नयेत. घाऊक घेणारा प्रत्येक किटचा नव्हे तर खोक्यांच्या ढिगाचा भाव करतो, आणि आपल्याला पैशापेक्षा अपमानच अधिक जाणवेल. दुर्मिळ आणि रेझिनची किट्स एकेक करून त्या विषयातल्या जाणकाराला विकावीत. विकण्याआधी भाग सूचनापत्रकाशी ताडून पाहावेत आणि डीकलची स्थिती खरी सांगावी. प्रचलित किट्स मॉडेलकारांच्या क्लबच्या विक्री-टेबलावर सहज जातात. जी साधी, थोड्या भागांची आहेत ती शिकणाऱ्या मुलांना द्यावीत, पण नुसते खोके देऊ नये. सोबत निपर (भाग सांगाड्यातून कापण्याची पक्कड), एक लहान कानस, गोंद आणि लागतील तेवढे रंग द्यावेत, कारण पहिले किट बहुधा अवजारांअभावी अर्धवट पडते. शक्य असेल तर एक दुपार त्यांच्याबरोबर बसावे. आपले स्वतःचे पहिले मॉडेल पूर्ण झाले तेव्हा काय वाटले होते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या किटसाठी आपल्याकडे आता वेळ नाही ते कुणासाठी तरी ते पहिले मॉडेल होऊ शकते, आणि त्यासाठी ते प्लास्टिक आणि ते डीकल चांगल्या स्थितीत असतानाच हातातून सुटले पाहिजे.

नवी खरेदी पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. असे निश्चय काही महिने टिकतात आणि मग एका संध्याकाळी दहा किट्स एकदम येतात. त्याऐवजी एवढे पाळावे की नवे किट घ्यायचे ते फळीवरच्या पाचांत जागा असेल तेव्हाच, म्हणजे जे लगेच जोडायला घेणार तेच. कपाटासाठी काही घेऊ नये. याद्या चाळण्याचा मोह मुख्यतः टेबल रिकामे असताना होतो, हे आपल्या पत्रातूनच दिसते; टेबलावर प्रायमर वाळत असलेले विमान असेल तेव्हा तो बराच कमी होईल.

राहिला मुलीचा प्रश्न. तिने तो तक्रार म्हणून विचारलेला नाही, असे आपण स्वतःच लिहिता, आणि मला तो फार समंजस वाटतो. हे सगळे एके दिवशी आपल्यालाच पाहावे लागेल आणि त्यातले आपल्याला काही कळत नाही, हे तिला दिसले. तिला उत्तर हवे आहे ते माहितीच्या रूपात. छाननी करतानाच एक वही किंवा तक्ता करावा : किटचे नाव, प्रमाण, उत्पादक, खोके उघडलेले आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ते साधे की मौल्यवान. मौल्यवान किट्सच्या खोक्यांवर आतल्या बाजूने खूण करावी. विकायचे झाल्यास कुणाला विचारावे, अशा दोन विश्वासू मॉडेलकारांची नावे त्यांच्या संमतीने लिहून ठेवावीत. पूर्ण झालेल्या मॉडेल्सपैकी घरच्यांनी ठेवावीत अशी कोणती हेही लिहावे, नाहीतर केवळ मन मोडू नये म्हणून ते सगळीच ठेवतील. वर्षातून एकदा तक्ता दुरुस्त करून तिला तो दाखवावा. आणि इनॅमलचे थिनर, लॅकर आणि एअरब्रश धुण्याचे द्रावण कुठे ठेवले आहे हेही तिला आताच सांगून ठेवावे, कारण त्या बाटल्या ज्वालाग्राही असतात आणि खोकी आवरताना त्या भरल्या कपाटात किंवा उन्हात कुणीही ठेवता कामा नये.